बाबा, ती बाटली माझ्याकडे आहे

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, फ्रीजवरच्या टोपलीत कॅल्शियमची बाटली शोधू नका. शेवग्याच्या पाल्याच्या पावडरीचा डबाही नाही. दोन्ही माझ्या बॅगेतून नाशिकला आलंय. विचारलं असतं तर तुम्ही दिलं नसतं, आणि आईने "जाऊ दे गं, त्यांना बरं वाटतं ना" म्हणून मिटवून टाकलं असतं. रागवा, पण पत्र पूर्ण वाचा. फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही.

तळजाईला तुमच्याबरोबर चालणारे निम्मे लोक ह्या गोळ्या घेतात, कबूल. घेऊ देत. त्यांच्या छातीत 'चित्रा' नाहीये, तुमच्या हृदयात बसवलेली ती कृत्रिम झडप. लहानपणी दुपारी तुमच्या छातीवर कान ठेवून मी तिची टिकटिक ऐकत झोपायचे आणि बाबांनी घड्याळ गिळलंय असं शाळेत सांगायचे. अजूनही तुमच्या खोलीत रात्री पंखा बंद झाला की मी आधी ती टिकटिक ऐकते.

त्या झडपेवर गुठळी धरू नये म्हणून तर वॉरफरिन. यकृत व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारी प्रथिनं तयार करतं, आणि वॉरफरिन नेमकं तेच अडवतं. तुमच्या बाटलीवर मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय: व्हिटॅमिन के२-७. ते शरीरात दिवसेंदिवस रेंगाळतं. शेवग्याच्या पाल्यातही के भरपूर. म्हणजे सकाळी नाश्त्याबरोबर के पोटात घालायचं, आणि रात्री त्याला अडवायची गोळी घ्यायची! डॉक्टरांनी तुमचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, २.५ ते ३.५ च्या मध्ये ठेवायला सांगितलाय. परवा आला १.८. आणि तुम्ही "कमी आलाय म्हणजे चांगलंच की, शुगरसारखं" म्हणून रिपोर्ट फाईलला लावून मोकळे. बाबा, इथे कमी म्हणजे गुठळीची भीती.

डॉक्टरांशी माझं सविस्तर बोलणं झालंय. हाडांसाठी त्यांनी के नसलेलं, साधं कॅल्शियम आणि डी३ लिहून दिलंय, त्यामुळे गुडघ्यांची काळजी नको. के बंद झालं की आयएनआर आता वर जाईल, फार चढला तर रक्तस्रावाची भीती. म्हणून गुरुवारी सकाळी सातला लॅबचा माणूस घरी येईल. रांग नाही, रिक्षा नाही, आणि ह्या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, तेव्हा तुमचा पहिला चहा शाबूत. वॉरफरिनचा डोस मात्र स्वतःच्या मनाने अर्धी गोळीसुद्धा वर-खाली करायचा नाही. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, शौचाला काळं झालं तर लगेच डॉक्टरांना फोन. बोलणं अडखळलं किंवा हात लुळा वाटला तर फोनबिन नाही, थेट हॉस्पिटल.

पालेभाज्या बंद केलेल्या नाहीत! मेथी, पालक, आईचं अळूचं फदफदं, सगळं खा. फक्त दर आठवड्याला साधारण तेवढंच असू दे. एका आठवड्यात पाच दिवस पालेभाजी आणि पुढच्यात नावालाही नाही, असं नको.

आई, तू हसू नकोस. तुझं ते लो सोडियम मीठही बंद. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि तुझी बीपीची गोळी, टेल्मिसार्टनसुद्धा पोटॅशियम वाढवते; दोन्ही मिळून ते फार होऊ शकतं. साधंच मीठ घाल, जरा हात आखडून. भाजी अळणी झाली असं बाबा म्हणतील, म्हणू देत. वरून लिंबू पीळ.

दादाने पाठवलेल्या माशाच्या तेलाच्या आणि व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडू नका. वॉरफरिनबरोबर त्यांचा मोठा डोस रक्तस्राव वाढवू शकतो. त्याने प्रेमाने पाठवल्यात, म्हणून त्याला लगेच काही बोलू नका, मी सांगेन सावकाश. आणि गुरुवारचा रिपोर्ट फाईलला लावण्याआधी त्याचा फोटो मला पाठवा. दोन्ही पानांचा.

तुमची,
छकुली