‘मेट्रोने जाल का?’ एवढे विचारून भागणार नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर मेट्रो ४ ला जोडणाऱ्या बस आखण्यासाठी ‘मेट्रोने जाल का?’ असे विचारून आकडे काढले, तर ते फुगणारच. ‘हो’ म्हणायला पैसे पडत नाहीत.

सॅन फ्रान्सिस्कोची बार्ट रेल्वे सुरू होण्यापूर्वी डॅनियल मॅकफॅडन यांनी लोकांच्या प्रत्यक्ष प्रवासावरून लॉजिट प्रतिमान बांधले, म्हणजे वेळ, खर्च पाहून कोण कोणते वाहन निवडण्याची शक्यता किती, हे काढणारे गणिती सूत्र. अधिकृत अंदाज १५ टक्क्यांचा होता, त्यांचा ६.३; प्रत्यक्षात ६.२ टक्के लोक बार्टने गेले. २००० साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच पद्धतीसाठी.

म्हणून आधी कालचा प्रवास विचारावा. निवडलेल्या वाहनाचा वेळ आणि खर्च तर नोंदवावाच, पण न निवडलेल्या पर्यायांचाही भरावा. इथेच बहुतेक सर्वेक्षणे कच्ची राहतात. चालणे, थांबणे आणि प्रत्यक्ष गाडीतला वेळ वेगळा लिहावा, कारण थांबण्याचे एक मिनिट गाडीतल्या साधारण दोन मिनिटांइतके जड जाते. ठाणे स्टेशनबाहेरची शेअर रिक्षाची संध्याकाळची रांग वगळली, तर रिक्षा कागदावर उगाच आकर्षक दिसते. ज्याच्याकडे दुचाकी नाही, त्याच्या यादीत दुचाकी नकोच. आणि फक्त स्टेशनवर अर्ज भरून घेतले, तर पूर्व द्रुतगती महामार्गाने मोटारीने जाणारे सुटतात. त्यांना घरोघरी गाठून प्रत्येक गटाला हिशेबात त्याच्या लोकसंख्येतल्या खऱ्या प्रमाणाइतके वजन द्यावे लागते.

साध्या लॉजिटचा एक दोष मात्र इथे फार महाग पडेल. समजा १०० पैकी ५० जण साध्या बसने आणि ५० दुचाकीने जातात. त्याच मार्गावर, त्याच वेळेची, त्याच भाड्याची दुसऱ्या रंगाची बस आणली, तर हे प्रतिमान तिघांना ३३-३३ वाटून देते. खरे पाहता दुचाकीवाले जागचे हलत नाहीत. ५० बसप्रवासीच दोन बसमध्ये विभागतात. टीएमटीची (ठाणे महापालिकेच्या परिवहन सेवेची) साधी आणि वातानुकूलित बस अगदी एकसारखी नसली, तरी एकमेकींना जवळची आहे. म्हणून दोन्ही एका गटात ठेवणारे नेस्टेड लॉजिट वापरावे, नाहीतर नव्या बसने रस्त्यावरची वाहने कमी होतील असा फसवा हिशेब निघेल.

एक मिनिट किंवा एक रुपया वाढला की पर्यायाची ओढ किती घटते, हे प्रतिमानातले सहगुणक सांगतात. शेवटी मिनिटाच्या सहगुणकाला रुपयाच्या सहगुणकाने भागून पाहावे. उणे ०.०४ आणि उणे ०.०२ असतील, तर एका मिनिटाची किंमत दोन रुपये, म्हणजे तासाला १२०. हा आकडा इथल्या कमाईशी अजिबात जुळत नसेल, तर माहिती पुन्हा तपासावी. महापालिकेने असे सहगुणक अहवालात जाहीर करावेत, म्हणजे आराखडा पक्का होण्याआधी नागरिकांना ते पडताळता येतील.

– वाहतूक नियोजन क्षेत्रातील एक वाचक, ठाणे (पश्चिम)