‘चर्चवाल्यांच्या’ प्रेमकथा वाचून तरी बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सुट्टीत वाचण्याजोग्या इंग्रजी प्रेमकथांची यादी आली होती. यादीबद्दल तक्रार नाही. पण शेवटी एका ओळीत ‘इन्स्पिरेशनल रोमान्स म्हणजे चर्चवाल्यांच्या गुळमट गोष्टी’ असं म्हणून लेखकानं ख्रिस्ती श्रद्धेभोवती गुंफलेल्या प्रेमकथांचा तो अख्खा प्रकारच निकालात काढला. मी निवृत्त परिचारिका आहे. आमच्या चर्चमधलं पुस्तकांचं कपाट माझ्याकडे असतं आणि त्यातली सगळ्यांत जास्त फिरणारी पुस्तकं हीच. म्हणून हा पत्रप्रपंच.

यातल्या बऱ्याच गोष्टी गुळमट असतात, हे खरंच आहे. हार्लेक्विन या प्रेमकथांच्या प्रकाशनसंस्थेनं 1997 साली ‘लव्ह इन्स्पायर्ड’ नावाची मालिका काढली, ती आजही चालू आहे. छोटं गाव, देखणा विधुर, त्याचं आईविना लेकरू, शेवटच्या प्रकरणात प्रार्थना आणि पाठोपाठ साखरपुडा. दोन वाचल्या की तिसरीचा शेवट मुखपृष्ठावरच कळतो. एसटीच्या प्रवासात ठीक. पण एवढ्यावरून सगळ्यांना एका पारड्यात घालू नका. माझी कसोटी सोपी आहे: गोष्टीतून देव काढून घेतला तर गोष्ट उभी राहते का? राहत असेल, तर तो नुसता वरून शिंपडलेला आहे. खालची पुस्तकं त्याशिवाय उभीच राहत नाहीत.

जॅनेट ओक या कॅनेडियन बाईंचं ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ 1979 मध्ये आलं. आज दिसतो तो या कादंबऱ्यांचा बाजार तिथून वाढला असं मानतात. विधुर आणि लेकरू इथंही आहेच! पश्चिमेकडे निघालेल्या मार्टीचा नवरा वाटेत मरतो. ती गरोदर, हातात पैसा नाही. त्याला पुरण्याच्याच दिवशी क्लार्क नावाचा शेतकरी येऊन सांगतो, माझ्या मुलीला आई हवी, तुला छप्पर हवं, लग्न नावापुरतं. वसंतात परतीच्या गाड्या निघतील तेव्हा जायचं असेल तर भाडं मी देईन. बस. पुढं सगळा हिवाळा, शिकता शिकता होणारा स्वयंपाक, कोंबडी कापायची फजिती, आणि जेवणापूर्वी मोठ्यानं प्रार्थना करणारा हा माणूस, जो तिला एका शब्दानं टोचत नाही. ठरवून दिलेल्या लग्नात हळूहळू जीव जडलेल्या आपल्याकडच्या बायकांना हे पुस्तक सांगावं लागत नाही. आमच्याकडची प्रत दोनदा बांधून घेतली आहे.

माझं स्वतःचं आवडतं मात्र कॅथरीन मार्शल यांचं ‘क्रिस्टी’, 1967 सालचं. लेखिकेनं आपल्या आईच्या आयुष्यावर बेतलेलं. साल 1912, टेनेसीतले स्मोकी डोंगर. एकोणीस वर्षांची शहरी मुलगी मिशनच्या शाळेत शिकवायला जाते. तिथली दारिद्र्याची, पिढीजात वैरांची आणि चोरून गाळलेल्या दारूची वर्णनं वाचताना आपल्या डोंगरी तालुक्यातल्या बदलीच्या गावांची आठवण येते. पाळक आणि डॉक्टर, दोघांचाही तिच्यावर जीव. पाळक श्रद्धावान, डॉक्टरचा देवाशी उभा दावा. मी नर्स असल्यामुळे मला धरून ठेवलं ते टायफॉइडच्या साथीनं. टायफॉइडवरचं खरं औषध, क्लोरॅम्फेनिकॉल, यायला 1948 उजाडलं. त्याआधी म्हणजे उकळलेलं पाणी, अंग पुसणं, पातळ पेज आणि उशाशी जागणं, एवढंच हातात. ज्या मैत्रिणीला क्रिस्टीनं लिहा-वाचायला शिकवलं, ती फेअरलाइट त्या साथीत जाते. त्यानंतर क्रिस्टी देवाला जे जाब विचारते, ते लेखिकेनं कुठंही झाकलेलं नाही, आणि घाईघाईनं उत्तरही दिलेलं नाही. मेडिकल वॉर्डात ज्यांनी रात्रपाळी काढली आहे, त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं. जाडजूड आहे, सुरुवातीची पन्नासेक पानं रेटावी लागतात, हेही सांगून ठेवते.

बेव्हर्ली लुइस यांचं ‘द शनिंग’ (1997) पेनसिल्व्हेनियातल्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं. हे लोक घोडागाडीतून फिरतात, घरात वीज घेत नाहीत. केटीचं लग्न विधुर बिशपशी ठरलेलं. माळ्यावर तिला एक तलम, साटीनचं बाळंतझबलं सापडतं. साध्या कपड्यांच्या घरात हे आलं कुठून? तिथून तिच्या जन्माचं कोडं उलगडतं आणि शेवटी जमात तिला वाळीत टाकते. आईनं तिच्याबरोबर एका टेबलाशी जेवायचं नाही, तिच्या हातून काही घ्यायचं नाही. वाळीत टाकण्याविरुद्ध आपल्या राज्याला 2016 साली कायदा करावा लागला. त्यामुळे हे पुस्तक मराठी वाचकाला परकं वाटू नये.

फ्रान्सिन रिव्हर्स यांचं ‘रिडीमिंग लव्ह’ (1991) सगळ्यांत गाजलेलं. 2022 मध्ये त्यावर सिनेमाही आला. होशेय संदेष्टा आणि त्याची पुन्हा पुन्हा निघून जाणारी बायको गोमेर, ही बायबलमधली गोष्ट बाईंनी सोन्याच्या शोधानं पिसाटलेल्या कॅलिफोर्नियात नेली आहे. लहानपणीच विकली गेलेली एंजल, आणि तिला कोठ्यावरून आणून लग्न करणारा शेतकरी मायकल. पुस्तक हातातून सुटत नाही. पण बालपणाचा भाग फार क्रूर आहे. कॉलेजच्या वयाखालच्या मुलींना मी ते देत नाही. एक जण ते वाचून परत द्यायला आली आणि म्हणाली, “सिस्टर, हा मायकल जरा जास्तच चांगला नाही का?” मला तिचं पटलं. नायक संतच असेल तर बाईनं फक्त पस्तावायचं उरतं. या प्रकारातल्या पुष्कळ पुस्तकांचं तिथंच बिनसतं.

ज्यांना ‘रोमान्स’ हा शब्दच नको, त्यांनी मॅरिलिन रॉबिन्सन यांचं ‘लायला’ (2014) घ्यावं. पावसापासून आडोसा म्हणून चर्चमध्ये शिरलेली बेघर बाई आणि म्हातारा पाळक. यात उपदेश शोधून सापडणार नाही.

मराठीला हे नवं नाही. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ 1857 चं. अनेक जण तिलाच मराठीतली पहिली कादंबरी मानतात. विधवांचे हाल आणि ख्रिस्ती श्रद्धा, दोन्ही त्यात आहेत. मात्र पात्रं बोलायला लागली की व्याख्यान सुरू होतं. आणि नवऱ्याचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला म्हणून ताटातूट झालेली, तरी सोवळं न सोडता त्याच्याकडे परत येणारी बायको आमच्या नगरच्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त रंगवली आहे. ती कादंबरी नाही, पण अमेरिकेतल्या कुठल्याही लेखिकेला तशी प्रेमकथा जमलेली मी वाचलेली नाही.

पुरवणीत अधूनमधून या पुस्तकांची परीक्षणं यावीत, ही आपल्याला विनंती. प्रकाशक मंडळींपैकी कोणी हे पत्र वाचत असेल, तर अनुवादासाठी ‘क्रिस्टी’ आधी घ्यावं, मग जॅनेट ओक. ओकबाईंच्या त्या मालिकेचे आठ भाग आहेत. सगळे छापायच्या मोहात मात्र पडू नये. पहिले दोन पुरे, पुढं पुढं गोष्ट पातळ होत जाते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
अहिल्यानगर