ॲनिमेटेड आहे म्हणून चार वर्षांच्या मुलांचा होत नाही: तुमच्या किड्स प्रोफाइलबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय आणि लगेच लिहायला बसलेय, कारण उद्यावर टाकलं तर मीही बाकीच्यांसारखी "जाऊ दे ना" म्हणून सोडून देईन, आणि हे सोडून द्यायचं नाहीये.

तक्रार नंबर तुमच्याकडे आहे, सिनेमाचं नावही त्यात आहे. पाणमांजराच्या पिल्लाचा, तुमच्या ॲपवर "संपूर्ण कुटुंबासाठी धमाल" अशी पट्टी लावून सगळ्यात वर ठेवलाय तोच. तुमचाच माल आहे तेव्हा अख्खी गोष्ट सांगत बसत नाही. फक्त वादळाचा भाग काढून बघा. तो बिनचेहऱ्याचा काळा राक्षस पिल्लाच्या आईला गिळतो आणि मग त्याच्या पोटातून आईचा आवाज येत राहतो, "बाळा, इकडे ये, घाबरू नकोस, मीच आहे." आणि पिल्लू त्या आवाजाकडे चालत जातं. हे सगळं मराठी डबमध्ये, अगदी घरातल्या आईच्या सुरात. इंग्रजीत असतं तर माझ्या मुलीला निम्मं कळलंही नसतं. "आता मराठीतही" अशी जाहिरात करून तुम्ही ते तिला नीट कळेल असं केलंत.

माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. आम्ही दोघं नोकरीला, चारकोपहून निघून लोअर परळला जायचं यायचं म्हणजे दिवस संपतो, त्यामुळे दुपारी ती आजी-आजोबांजवळ असते. किड्स प्रोफाइल घेतलं ते याचसाठी. तुमच्या ॲपने वय विचारलं, आम्ही "सात वर्षांखालील" निवडलं, की सासऱ्यांनी रिमोट हातात घेतला तरी काही भलतं लागायला नको. त्यांनी त्यातला पहिला सिनेमा लावला, पट्टी मराठीत होती, "कुटुंबासाठी" लिहिलेलं होतं, त्यांनी विश्वास ठेवला. आणखी काय करायला हवं होतं त्यांनी?

त्या दिवशी नणंदेचा मुलगा पण आला होता, नऊ वर्षांचा. त्याला सिनेमा प्रचंड आवडला, तो राक्षसाची नक्कल करत घरभर फिरला. आणि माझी मुलगी दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून बसली होती. डोळ्यांवर नाही, कानांवर. सासूबाईंनी टीव्ही बंद केला तरी हात काढेना. तेव्हापासून घरात काय चाललंय ते सांगते. मी स्वयंपाकघरातून हाक मारली की पूर्वी ती धावत यायची, आता येत नाही. आधी दारापाशी थांबते, डोकं आत घालून माझा चेहरा बघते, मग विचारते, "आई, तूच आहेस ना?" बाथरूमच्या बंद दाराआडून मी बोलले की रडायला लागते. रात्री दिवा घालवल्यावर मी गोष्ट सांगायचे ती बंद झाली, कारण अंधारात नुसता आवाज तिला नको असतो. माझाच आवाज तिला नकोसा झालाय. एका आईला हे लिहावं लागतंय ते जरा नीट वाचा.

एकाच सोफ्यावर, एकच सिनेमा, एक मूल हसतंय आणि एक कान दाबून बसलंय. यात दोघांपैकी कोणाचंच काही चुकलेलं नाही. शाळेत न जाणारं किंवा नुकतं जायला लागलेलं मूल दिसण्याला आणि ऐकण्याला घाबरतं. चेहरा अचानक बदलला, ओळखीचा आवाज भलत्याच ठिकाणाहून आला, की संपलं. "हे खोटं आहे, शेवटी आई सुटणार आहे" हा विचार करून स्वतःला सावरणं सहा-सात वर्षांच्या पुढे हळूहळू जमायला लागतं. साडेचारच्या मुलीला "अगं ते कार्टून आहे" म्हणून सांगितलं तर ती मान हलवते आणि तरी घाबरलेलीच राहते. बालवाडीतल्या कुठल्याही बाईंना विचारा, त्या तुम्हाला उभ्या उभ्या सांगतील. तुमच्याकडे मुलांचा विभाग चालवणारी माणसं पगार घेतात, त्यांना हे माहीत असणारच, असं मी धरून चालते.

आता तो फोन. आधी दोनदा फोन दुसरीकडे फिरवला, मग "सिनियर" म्हणून एक गृहस्थ लाईनवर आले. मी मराठीत सुरुवात केली, त्यांनी हिंदीत सांगायला लावलं, ठीक आहे, सांगितलं. सगळं ऐकून घेतल्यावर पहिलं वाक्य काय, तर "मॅडम, कार्टून ही तो है." मी म्हटलं, कार्टून आहे हे मला दिसलं, पण वय काय आहे? तर म्हणाले, "मॅडम, फॅमिली मूवी है, सबके लिए है." मी विचारलं, मग रेटिंगमध्ये यू/ए 7+ का लिहिलंय? थोडा वेळ शांतता. कीबोर्डचा आवाज. मग, "हां मॅडम, सेव्हन प्लस है, तो पेरेंट्स को साथ में बैठना चाहिए था." मी म्हटलं, सात वर्षांखालील म्हणून सेट केलेल्या प्रोफाइलमध्ये 7+ आलाच कसा? तर म्हणे सिस्टीम "फॅमिली" टॅग बघते. मी तेच परत विचारलं, त्यांनी तेच परत सांगितलं. आणि मग अगदी समजावणीच्या सुरात, जणू मीच साडेचार वर्षांची आहे, ते म्हणाले, "मॅडम, हमें बाकी किसी की कंप्लेंट नहीं आयी, शायद आपकी बच्ची थोडी ज़्यादा सेन्सिटिव्ह है, आप डॉक्टर को दिखा लीजिए."

मी गप्प झाले. खरंच, मला पुढे बोलता आलं नाही. माझ्या मुलीला डॉक्टरला दाखवा! सिनेमा चुकीच्या कप्प्यात तुम्ही ठेवलात आणि तपासणी माझ्या मुलीची? ती शाळेच्या गॅदरिंगमध्ये स्टेजवर नाचते, पावसात कडकडाट झाला तर खिडकीत जाऊन उभी राहते. ती नाजूक बिजूक काही नाहीये. ती तिच्या वयाची आहे. आणि एखादं मूल असलंच हळवं, तर त्याच्या आईला आधी कळायला नको का सिनेमात काय आहे ते? मी या वाक्यावर अजून अडकलेय आणि तुम्हीही जरा अडका. "आप डॉक्टर को दिखा लीजिए." कॉल रेकॉर्ड होतो असं तुमचं मशीन दर वेळी सांगतं ना, मग काढा तो कॉल आणि मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाजवा. वर फोन ठेवताना "एनीथिंग एल्स आय कॅन हेल्प यू विथ?"

नियमांचं बोलू. केंद्र सरकारचे 2021 चे आयटी नियम तुम्हाला लागू आहेत. यू (सगळ्यांसाठी), यू/ए 7+, यू/ए 13+, यू/ए 16+ आणि ए (फक्त मोठ्यांसाठी) हे वयाचे पाच कप्पे त्यातलेच. यू/ए 7+ म्हणजे सात आणि त्यापुढच्यांसाठी, त्याखालच्यांनी आई-वडिलांच्या मार्गदर्शनाखाली बघायचा. आणि हे रेटिंग, आत काय आहे त्याच्या खुलाशासकट, सिनेमा लावायच्या आधी बघणाऱ्याला ठळक दिसलं पाहिजे, असंही त्यात आहे. तुमच्या किड्स प्रोफाइलमध्ये काय दिसतं? मोठं रंगीत चित्र, बाकी काही नाही. सिनेमा सुरू झाल्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात रेटिंग आणि बाजूला इंग्रजीत "थ्रेट" हा एक शब्द, तो पण डोळ्याचं पातं लवेपर्यंत गायब. डब मराठीत, पट्टी मराठीत, बिल भरायची आठवण मराठीत, फक्त सावधानतेची सूचना इंग्रजीत. माझ्या सासऱ्यांनी ती कशी वाचायची?

तुमचे साहेब म्हणाले की नियमाप्रमाणे पालकांनी लावायचा लॉक 13+ पासून लागतो, 7+ ला नाही. मला माहितीये. पण "सात वर्षांखालील" हा पर्याय तुम्ही स्वतः दिलाय, कोणी बंदूक लावली नव्हती. तो दिला तर पाळा, नाहीतर काढून टाका. औषधाच्या बाटलीवर "सगळ्या घरासाठी" लिहून लहान मुलाला मोठ्यांचा डोस दिला तर जे होईल तेच तुम्ही करताय.

आणि "ॲनिमेटेड म्हणजे मुलांचं" ही समजूत तुमच्या टेबलावर अजून कशी शिल्लक आहे, हेच मला कळत नाही. ब्रिटनमध्ये "वॉटरशिप डाऊन" नावाचा सशांचा ॲनिमेटेड सिनेमा 1978 मध्ये यू म्हणून पास झाला, त्यातल्या रक्तपाताने पिढ्यान् पिढ्या मुलं हादरली, आणि शेवटी 2022 मध्ये तिथल्या सिनेमांना वर्ग देणाऱ्या बोर्डाने तो पीजीमध्ये, म्हणजे आई-वडिलांच्या मार्गदर्शनाच्या कप्प्यात टाकला. उशिरा का होईना, बदलला. आपल्याकडे 2016 मध्ये "द जंगल बुक"ला सेन्सॉरने यूए दिलं तेव्हा लोक हसले, पण थ्रीडीमधले प्राणी लहान मुलांच्या अंगावर येतात हा मुद्दा निदान कोणीतरी टेबलावर घेतला होता. थिएटरच्या सिनेमांनाही 2024 च्या नियमांनी यूएमध्ये 7, 13 आणि 16 असे वयाचे टप्पे आले. 2014 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला अभ्यास तर तुमच्या ऑफिसच्या भिंतीवर लावायला हवा. मुलांचे गाजलेले 45 ॲनिमेटेड सिनेमे आणि मोठ्यांचे 90 सिनेमे तपासले, तर महत्त्वाचं पात्र पडद्यावर मरतं असे मुलांचे सिनेमे दोन तृतीयांश आणि मोठ्यांचे निम्मे. त्यातही आई-वडिलांवर पाळी जास्त येते. म्हणजे आई जाणं, आई हरवणं हा या प्रकारातला नेहमीचा मसाला आहे, आणि तो आहे हे आधी सांगायला तुम्हाला एक ओळ जड जाते.

ब्रिटिश बोर्डाचं यू म्हणजे साधारण चार वर्षांपासून पुढे, असं ते स्पष्ट लिहितात. भीतीचे प्रसंग सौम्य हवेत, लांबवायचे नाहीत. तुमच्या वादळाचा प्रसंग या मापाने बघा. राक्षस आईला गिळतो तिथून ती सुटेपर्यंत निम्मा सिनेमा जातो, मधे पडद्यावर अंधार आणि तो आवाज. साडेचार वर्षांचं मूल तेवढं थांबत नाही, कुठलंच थांबणार नाही.

मला सिनेमावर बंदी नकोय, हे नीट लक्षात घ्या, नाहीतर उद्या म्हणाल मॅडम सेन्सॉरवाल्या आहेत. सिनेमा चांगला आहे, चित्रं सुंदर आहेत, भाच्याने तो खुशाल पुन्हा बघावा, माझ्या मुलीनेही आठव्या वर्षी बघावा. मुलांनी घाबरूच नये असंही माझं म्हणणं नाही. पण किती घाबरायचं, कधी, आणि तेव्हा जवळ कोणी असायला हवं, हे घरच्यांना ठरवता आलं पाहिजे, आणि त्यासाठी तुम्ही माहिती दिली पाहिजे. मराठीत दोन ओळी: "आई पिल्लापासून तुटते. आईचा आवाज काढणारा राक्षस आहे. बराच वेळ अंधार आणि मोठे आवाज. शेवट सुखाचा." एवढं वाचलं असतं तर आजोबांनी दुसरं काहीतरी लावलं असतं. एवढंच. पट्टी लिहिणारा माणूस आहे तुमच्याकडे, तोच हेही लिहू शकतो.

मला काय हवंय ते सांगते. 7+ चा एकही सिनेमा सात वर्षांखालील प्रोफाइलमध्ये दिसता कामा नये, "फॅमिली" टॅग असो नाहीतर नसो. किड्स प्रोफाइलमध्ये प्ले दाबायच्या आधी वय आणि मराठीत कारण दिसलं पाहिजे. डॉक्टरला दाखवा म्हणणाऱ्या त्या गृहस्थांकडून लेखी माफी, माझ्या नावाने. आणि प्लॅनचे उरलेले पैसे परत, कूपन नको, पुढच्या महिन्याचं फुकट सबस्क्रिप्शनही नको. तुमच्यावर विश्वास ठेवून मी घरातल्या दोन म्हाताऱ्या माणसांच्या हातात तो रिमोट दिला होता, तो विश्वास गेलाय. सासरे आता टीव्हीच लावत नाहीत, आपल्यामुळे झालं म्हणून मनाला लावून घेतलंय त्यांनी. त्यांचं काही चुकलेलं नाही, तुमचं चुकलंय, परत सांगते, चुकीच्या कप्प्यात तुम्ही ठेवलात.

तक्रार मिळाल्याची पोच 24 तासांत आणि निर्णय 15 दिवसांत, हे तुमच्यावर बंधनकारक आहे. तेवढे दिवस मी थांबेन. त्यानंतर तुमच्या स्वनियमन संस्थेकडे, म्हणजे तुम्हा कंपन्यांच्याच तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे अपील, ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद, आणि गरज पडली तर वांद्र्याला जिल्हा ग्राहक आयोगात केस. मुंबई ग्राहक पंचायतीत आमच्या ओळखीची माणसं आहेत, कागद कसे करायचे ते मला विचारता येतं. आणि आमच्या बिल्डिंगमध्ये, मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर, जिथे जिथे लहान मुलं आहेत तिथे मी हे सगळं सांगणार आहे, ते कोणी थांबवू शकत नाही.

फोन करायचा असेल तर संध्याकाळी सातनंतर करा, ज्याला निर्णय घेता येतो अशा माणसाने करा, आणि मराठीत करा. सिनेमा मराठीत विकता येतो तर तक्रारही मराठीत ऐकता येईल.

तुमच्या वार्षिक प्लॅनची ग्राहक,
चारकोप, कांदिवली पश्चिम, मुंबई