केकच्या पोटात खिडकी ठेव

चि. सुमीस, अनेक आशीर्वाद.

काल नाटकातल्या नवरीचा झगा अन् केक कसा करायचा ते विचारायला तुझा फोन आला तेव्हा मी मशीनवर होतो. मंडईची जत्रा तोंडावर आली अन् वडशाच्या एका नाटक कंपनीचे अकरा अंगरखे अजून काज-बटणावाचून पडलेत. म्हणून धड बोललो नाही.

तुमच्या नाटकातली नवरी 1840 ची, व्हिक्टोरिया राणीचं लग्न झालं त्या सालची. सिंगरचं मशीन आलं 1851 ला, म्हणजे झगा हातशिलाईचाच. आतल्या शिलाया मात्र तू खुशाल मशीनवर मार, झगा उलटा करून कोणी बघत नाही. गळा आणि बाह्यांची किनार तेवढी हातानं कर. पाठीला चेन नको, ती फार पुढची गोष्ट. हूक लाव, मधे झगा बदलायचा असेल तर टिचबटणं.

पांढरं शुभ्र कापड तसंच वापरू नको. लाइट पडला की ते डोळ्यात खुपतं आणि नवरीचं तोंड काळवंडतं. बादलीभर पाण्याला दोन मुठी चहापत्ती, उकळून गाळायची, वर मूठभर मीठ. कापड आधी ओलं करून मगच बुडव, नाहीतर डाग पडतात. मी धोतरं अशीच काढतो. पॉलिस्टर मात्र चहा धरत नाही, सुती सॅटिन घे.

केकच्या बाबतीत मी तोंडघशी पडलोय. एका सामाजिक नाटकात वाढदिवस होता. मी थर्माकोलचा तीनमजली केक केला, दिसायला असा की पोरं स्टेजमागं येऊन बोट लावून जायची. नायिकेनं सुरी घातली आणि कर्रर्र... माइक नेमका केकवर! आई मरणाला टेकलेली, नायिका रडतेय, अन् सारा पेंडॉल हसतोय. त्या रात्री मी पडद्यामागून बाहेर आलोच नाही.

तेव्हापासून केकच्या पोटात खिडकी ठेवतो. सुरी जिथं चालणार तिथला थर्माकोल आधीच कापून काढायचा, त्या जागी खरा केक बसवायचा आणि सांधा साखरेच्या आयसिंगनं बुजवायचा. बाकीवर पुट्टी. ऑइलपेंट लावशील तर थर्माकोल विरघळेल, तेही करून बसलोय.

राणीचा केक 300 पौंडांचा होता म्हणतात, सव्वा क्विंटलच्या वर! तुझा आतून काळपट, सुक्या मेव्याचा दिसू दे. बेकिंग पावडर 1843 ची, म्हणून कापल्यावर फुगीर पिवळा स्पंज निघाला तर पहिल्या रांगेतला जाणकार हसेल. पण खायच्या तुकड्यात काजू-बदाम घालू नको, नटाला लगेच बोलायचं असतं. खजूर भिजवून वाटून घाल, घास घशाखाली सरकतो.

तू सांगितलेला तो रॉबर्ट बॅडली मला फार आवडला. आधी आचारी, मग नट. 1794 ला गेला आणि 100 पौंड ठेवून गेला, दर 6 जानेवारीला लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरच्या नटांनी केक खावा म्हणून. आपल्याकडे पहाटे पडदा पडला की चहा, अन् नशीब असलं तर आलूपोहे. तुझ्या आईला हे सांगितलं तर म्हणते, तुम्ही काय ठेवून जाणार, सुया?

कापड किती मीटर लागेल ते कळव, नागपूरहून आणायला सांगतो. आणि कातरायच्या आधी धुऊन घे, सुती आहे, आटतं.

तुझा बाबा