अतातुर्क आणि लष्करी खाक्या

रविवारच्या पुरवणीतील, आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक मुस्तफा केमाल अतातुर्क यांच्यावरील लेख माहितीपूर्ण आहे, पण देश सुधारायला लष्करी खाक्याच लागतो, हा त्यातून काढलेला निष्कर्ष मुळीच पटला नाही. केमाल यांनी जुलै १९१९ मध्येच सैन्याचा राजीनामा दिला होता. पुढचे स्वातंत्र्ययुद्ध लढले गेले ते २३ एप्रिल १९२० रोजी अंकारा येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या नावाने. ग्रीक फौजा अंकाराच्या दिशेने सरकत असताना, ऑगस्ट १९२१ मध्ये, या सभेने केमाल यांना सरसेनापतिपद दिले, तेही अवघ्या तीन महिन्यांसाठी. मुदतवाढ हवी असेल तर पुन्हा सभेपुढे जायचे! शत्रू दाराशी आलेला असतानाही सभासदांनी आपला हक्क सोडला नाही, हे मला कोणत्याही लढाईपेक्षा मोलाचे वाटते. खिलाफत, म्हणजे खलिफाचे पद, १९२४ मध्ये संपली, १९२६ मध्ये नवी नागरी संहिता आली, १९३४ मध्ये स्त्रियांना संसदेसाठी मताधिकार मिळाला. हे सारे सभेने केलेल्या कायद्यांनी घडले.

केमाल यांची राजवट एकपक्षीय होती, हेही खरे. १९२५ मध्ये विरोधी पक्षाला टाळे लागले. पुढे १९६० आणि १९८० मध्ये लष्कराने केमाल यांच्याच वारशाचा हवाला देत सत्ता बळकावली आणि निवडून आलेली सरकारे उलथवली. ‘आपल्याकडेही एखादा लष्करशहा हवा’ असे सर्रास बोलले जात असताना, लेखात हा भाग यायलाच हवा होता.

– एक वाचक, सांगली