रेषा उरली, वेळ गेली

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

आपल्या जीपीएस यंत्राचं जुनं मेमरी कार्ड सापडल्याचा तुझा निरोप वाचला आणि लगेच लिहायला बसलो. त्यावरची फाइल अजून उघडत असेल, तर आपल्या त्या तीन दिवसांच्या पायपिटीची तेवढी एकच खरी नोंद उरली आहे. माझ्याकडची मीच घालवली.

नकाशावर दाखवायला सोपं पडेल म्हणून मी ट्रॅक, म्हणजे यंत्राने वाटेत नोंदवलेल्या बिंदूंची माळ, केएमएल या नकाशाच्या फाइल-प्रकारात नेला, तोही नुसती रेषा ठेवून. फाइल जड नको म्हणून बिंदू आधीच ५०० वर आणले होते. मग मूळ फाइल पुसली. परवा त्या रेषेवर दुसऱ्या दिवशीची कपार शोधत होतो, तुझा पाय मुरगळला आणि आपण पाऊस थांबायची वाट पाहत बसलो ती. मूळ ट्रॅकमध्ये तिथे बिंदूंचा गुंता होता, कारण माणूस जागचा हलला नाही तरी यंत्राची नोंद काही मीटर इकडेतिकडे भरकटत राहते. बिंदू कमी करताना तो गुंताच आधी गेला. आता तिथून रेष सरळ निघून जाते, आपण थांबलोच नव्हतो अशी. किती वेळ बसलो होतो तेही कळायला मार्ग नाही. त्या रेषेत रेखांश, अक्षांश आणि उंची राहते, प्रत्येक बिंदूची वेळ राहत नाही.

म्हणून आधी कार्डाची जशीच्या तशी प्रत काढ आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर कर. जीपीएसची फाइल एका प्रकारातून दुसऱ्यात नेणारं जीपीएसबेबल हे मोफत साधन घे. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘आय’पुढे मूळ फॉरमॅट, लहान ‘एफ’पुढे मूळ फाइल, ‘ओ’पुढे जीपीएक्स (बिंदूंची वेळही जपणारा फाइल-प्रकार), मोठ्या ‘एफ’पुढे नव्या फाइलचं नाव. लहान-मोठ्या ‘एफ’ची गल्लत करू नकोस रे, मोठ्यापुढे मूळ फाइलचं नाव पडलं तर तिच्यावरच लिहिलं जाईल.

आपलं यंत्र एनएमईए या फॉरमॅटमध्ये लिहायचं, तोच तुझा मूळ फॉरमॅट. ती साधी मजकुराची फाइल असते, एकदा उघडून बघ. तिच्यातल्या ओळींच्या नावात जीजीए, आरएमसी अशी अक्षरं दिसतील. जीजीएच्या ओळीत उंची असते पण तारीख नसते, आरएमसीच्या ओळीत तारीख असते पण उंची नसते. दोन्ही असतील तर जीपीएसबेबल ती जोडून घेतं. नुसत्या जीजीए असतील तर तारीख आपण द्यायची, तशी सोय आहे. तू स्वतः फाइल बदलणारी स्क्रिप्ट लिहायला बसशील, ते मात्र टाळ. एनएमईएत अक्षांशाचा आकडा १२३०.०० असेल, तर तो म्हणजे १२.३० अंश नव्हे, १२ अंश ३० मिनिटं, म्हणजे १२.५ अंश. एवढ्या फरकाने आपली वाट वीसेक किलोमीटर सरकेल.

तारीख वीसेक वर्षं मागची दिसली तर घाबरू नकोस. जीपीएसचा जुना आठवडा-मोजणीचा आकडा दर १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री तसा आला, तेव्हा कित्येक जुन्या यंत्रांच्या तारखा मागे गेल्या. जीपीएसबेबलच्या ट्रॅक फिल्टरमध्ये वेळ सरकवणाऱ्या ‘मूव्ह’ला ७,१६८ दिवस, म्हणजे तेच १,०२४ आठवडे, पुढे सांगितले की झालं. तासांचा फरक दिसला तर मात्र हात लावू नकोस, जीपीएक्समध्ये वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतच लिहितात.

बिंदू कमी करू नकोस. जीपीएक्स तयार झाली की पाठव, आणि सोबत मूळ एनएमईएही जोड. कपारीपाशी किती वेळ बसलो होतो ते मी मोजून तुला कळवतो. तू म्हणतोस पाऊण तास, मला तर दोन तास वाटले होते.

तुझाच,
श्रीधर