मुठी सोडायला शिकतेय

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी मी आईवर चिडले आणि बाबांशी न बोलताच फोन ठेवला. नाइट करून आले होते. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक सिस्टर हवी असा नियम आहे. त्या रात्री माझ्याकडे तिघे होते. घरी आल्यावरही मॉनिटरचा अलार्म कानात वाजत होता. त्याचा राग तुमच्यावर निघाला. चुकलंच माझं.

आमच्याकडे सध्या सिस्टरांसाठी रिलॅक्सेशनचं ट्रेनिंग चालू आहे. ड्युटी संपून पुढच्या पाळीला ओव्हर दिली की अर्धा तास. मॅडम डोळे मिटायला लावतात. मुठी ५-७ सेकंद आवळायच्या, मग एकदम सोडायच्या, आणि अर्धा मिनिट हात कसा सैल पडत जातो तिकडे नुसतं लक्ष द्यायचं. असंच दंड, कपाळ, जबडा, खांदे, पोट, पोटऱ्या. जबड्याची पाळी आली तेव्हा कळलं, माझे दात आधीपासूनच आवळलेले होते. कधीपासून, कोण जाणे. अमेरिकेतले डॉ. एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली ही पद्धत मांडली ती याचसाठी. ताण स्नायूंत मुरतो आणि आपल्याला पत्ताच नसतो. म्हणून आधी मुद्दाम आवळून तो ओळखायला शिकायचं.

बाबा, तेव्हा तुमचे हात आठवले. कुंभार्ली घाट उतरून, एसटी डेपोत लावून घरी आलात तरी तुमची बोटं स्टिअरिंग धरल्यासारखी वाकलेली असायची. आई खोबरेल चोळून एकेक बोट सरळ करायची. मला वाटायचं, ड्रायव्हरचे हात असेच असतात.

या व्यायामाने वॉर्डात माणसं वाढत नाहीत, हे मी मेट्रनना स्पष्ट सांगितलंय. जादा स्टाफच्या अर्जावर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्यात आणि तो मागे घेणार नाही. पण सलाइन लावताना माझा हात थरथरायचा तो थांबलाय, नाइटनंतर दुपारी झोपही लागते.

आई, तुला रात्री झोप येत नाही ना? अंथरुणावर पडल्या पडल्या करून बघ. पोटऱ्या जोरात आवळू नकोस, गोळा येतो. बाबांनी दुखरी कंबर सोडून बाकीचं करावं, आणि सुरुवात हातांपासून करावी.

पुढच्या महिन्यात ऑफ जोडून चार दिवस येतेय, तेव्हा दोघांना शेजारी झोपवून मीच सांगेन. तोवर रविवारचा फोन सकाळी नको, झोप झाल्यावर संध्याकाळी करेन.

तुमची,
लेक